विद्याधर कोतवालाला काय वाटतं?

एका जंगलात, मुलांनो, एक कॉलेज होतं. जंगल म्हटलं की कॉलेज असणारच. पाणवठा नसला तरी चालतो.

कॉलेज एका जुन्या वडाखाली भरायचं. प्राचार्य होते हत्तीसर. सर सांगायचे, विद्यार्थी लिहून घ्यायचे. परीक्षेत विद्यार्थी तेच लिहायचे आणि सर तेच तपासायचे. अशा रीतीने ज्ञान वर्षभर फिरून सुखरूप सरांकडे परत यायचं. एक थेंब सांडायचा नाही.

या कॉलेजात विद्याधर नावाचा एक कोतवाल पक्षी शिकत होता. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब पिसं. कोतवालाला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर लिहून घ्या. विद्याधर तर त्याच्या घराण्यातही हुशार. व्याख्यान एकदा ऐकलं की शब्दन् शब्द उतरवायचा. मध्येच सर शिंकले असतील, तर उत्तरपत्रिकेत कंस करून 'शिंक' असं लिहायचा.

त्याला सुवर्णपदक मिळालं. पाणवठ्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर विद्याधर लहान होता आणि हत्तीसर मोठे होते. त्यात चूक काहीच नाही. हत्ती मोठाच असतो.

विद्याधरला एकच गोष्ट हवी होती. त्याला त्या वडाखाली शिक्षक व्हायचं होतं.

"मग उत्तरेला जा," हत्तीसर म्हणाले. "स्कँडिनेव्हियातल्या बर्फात एक विद्यापीठ आहे. तिथली पदवी आण. तिकडून येईल त्याला आम्ही डोळे मिटून घेतो."

विद्याधरच्या आईने वाळवीची चटणी दिली. तुडतुड्यांचे लाडू दिले. "रोज जेव रे," ती म्हणाली. "आणि सरांचं ऐक." विद्याधर उडाला.

बर्फातलं जंगल विलक्षण होतं. दुपारी दोनला सूर्य निघून जायचा आणि कुणी तक्रार करायचं नाही. एका फांदीवर एकच पक्षी बसायचा. दुसरा आला तर पुढची फांदी शोधायचा. दिवसातून दोनदा सगळे कॉफी प्यायला जमायचे आणि शांतपणे कॉफीकडे बघायचे.

तिथे शिकवायला एक रेनडिअर होती. तिचं नाव इंगा.

"नमस्कार, इंगामॅडम," विद्याधर म्हणाला.

"नुसतं इंगा."

"बरं, नुसतं इंगा मॅडम."

परीक्षा आली. इंगाने प्रश्न दिले आणि म्हणाली, "घरी न्या. आठवड्याने लिहून आणा."

विद्याधरला वाटलं, थट्टा करतेय. प्रश्नपत्रिका घरी? पहारेकरी नाही? बिचारी फार भोळी आहे. अशा भल्या बाईचा विश्वास वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. तो आठवडाभर बसला आणि इंगाचं अख्खं पुस्तक त्याने पाठ लिहून काढलं. चाळीस पानं. तिच्या छपाईच्या चुकांसकट.

चार दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या उत्तरपत्रिकेसंदर्भात समितीसमोर हजर राहावे.'

विद्याधर आनंदाने फांदीवरच नाचला. सत्कार! एवढ्या लवकर! त्याने शेपटीची पिसं विंचरली. आईची शाल पांघरली. राहिलेले लाडू डब्यात भरले आणि समितीसमोर गेला.

समितीत एक पांढरं घुबड होतं आणि एक अस्वल. कोपऱ्यात इंगा उभी होती. तिचा चेहरा पडला होता. विद्याधरने आधी सगळ्यांना लाडू वाटले. अस्वलाने दोन घेतले.

"हे सगळं इंगाचं आहे," घुबड उत्तरपत्रिका दाखवत म्हणालं.

"हो ना!" विद्याधर लाजला. "एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"म्हणजे तुला हे कबूल आहे?"

"कबूल काय, अभिमान आहे!"

घुबडाने अस्वलाकडे बघितलं. अस्वलाने हळूच दुसरा लाडू डब्यात परत ठेवला.

"आमच्याकडे याला चोरी म्हणतात," घुबड म्हणालं.

विद्याधरची शाल घसरली. "चोरी? अहो, चोरीत माणूस नाव लपवतो. मी तर त्यांचंच त्यांना परत दिलं! आमच्याकडे याला आदर म्हणतात."

समितीने बराच वेळ विचार केला. ही मंडळी विचार करतात तेव्हा खरोखरच करतात. मग घुबडाने निर्णय सांगितला. तीन आठवड्यांत विद्याधरने दोन पानं लिहायची. विषय, 'हे जंगल कसं आहे?' त्यातलं एकही वाक्य दुसऱ्याचं नको. जमलं तर राहा. नाही जमलं तर परत जा, पदवीशिवाय.

"पण उत्तर कुठल्या पुस्तकात आहे?" विद्याधरने विचारलं.

"तुझ्यात," अस्वल म्हणालं.

विद्याधरने स्वतःला आतून तपासलं. आत हत्तीसर होते. गेंडासर होते. दोन वर्षांचं इतिहासाचं टिपण होतं. आणखी कुणी सापडलं नाही.

तो इंगाकडे गेला. "निदान मुद्दे तरी द्या."

"तुला काय वाटतं?" इंगाने विचारलं.

"मला काय वाटावं असं तुम्हाला वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही. तुला काय वाटतं?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही, हेच मला वाटतं असं लिहू का?"

इंगा कॉफी प्यायला निघून गेली.

दोन आठवडे गेले. कागद कोरा. विद्याधरने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"जेवलास का?" आईने विचारलं.

"आई, मला मतच नाही गं!"

"काय नाही?"

"मत. ते लोक मागतायत. नाही दिलं तर पदवी नाही. पदवी नाही तर वड नाही."

"मत नाही म्हणे!" आई म्हणाली. "अरे, घरट्यात असताना केसाळ सुरवंट पुढे केला की मान फिरवायचास. मी तीनदा भरवला, तू तीनदा माझ्या अंगावर थुंकलास. ते काय होतं मग? हत्तीसरांनी सांगितलं होतं?"

विद्याधरने फोन ठेवला. मग तो लिहायला बसला.

'मला असं वाटतं,' त्याने लिहिलं, 'की हे जंगल फार चांगलं आहे आणि मला इथे करमत नाही. इथे कुणी खोटं बोलत नाही. कारण कुणी बोलतच नाही. माझी फांदी कुणी हिसकावत नाही, पण माझ्या फांदीवर कुणी येतही नाही. सूर्य जाताना येतो म्हणून सांगत नाही. मी सहा महिने इथे आहे. मला एकानेही विचारलं नाही, की जेवलास का.'

दोन पानं भरली. अक्षर थरथरलेलं होतं. थंडीही होती म्हणा.

इंगाने निबंध वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाली, "मला हे पटत नाही."

विद्याधरने निबंध ओढून घेतला. "खोडून टाकतो. तुम्हाला पटेल ते लिहितो."

"खोडायचं नाही!" इंगा पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "आम्ही बोलत नाही ते दुसऱ्याला त्रास नको म्हणून. ते प्रेमच आहे."

"असेल," विद्याधर म्हणाला. "पण ते पोचत नाही."

"तू तरी कुणाला विचारलंस का, जेवलास का म्हणून?"

"मी पाहुणा आहे! पाहुण्याने आधी विचारायचं असतं का?"

"का नाही?"

दोघं तासभर भांडले. कॉफीची वेळ टळून गेली. असं त्या विद्यापीठात पूर्वी कधी झालं नव्हतं. शेवटी दमून इंगाने निबंधावर 'उत्तीर्ण' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती विद्याधरच्या झाडाखाली आली. खाली बघत तिने विचारलं, "जेवलास का?" आणि उत्तराची वाट न बघता पळत सुटली. तिला फारच लाज वाटली होती.

त्यानंतर विद्याधर तिथे दोन वर्षं शिकला. रोज कुणाशी तरी भांडला. प्रत्येकाने त्याचे आभार मानले. पदवी घेऊन तो परत आला तेव्हा पाणवठ्यावर नवा फ्लेक्स होता. सर आणखी मोठे झाले होते.

"तुझा तो निबंध!" हत्तीसर गहिवरून म्हणाले. "उत्तरेत गाजलेला! आम्ही तो अभ्यासक्रमात लावला. गाइडही काढलं. त्यात एकवीस अपेक्षित प्रश्न आहेत. पहिला प्रश्न बघ. 'मला असं वाटतं' यानंतर काय वाटतं ते पुस्तकातल्या शब्दांत लिहा. गुण पाच."

"सर, पण त्या निबंधाचा मुद्दाच हा की…"

"मुद्दे मागच्या पानावर दिलेत. आणि जागा तुझीच आहे हं. डोळे मिटून. फक्त एक पात्रता परीक्षा तेवढी दे. तुझ्याच निबंधावर आहे. तुला काय कठीण?"

विद्याधर हसत परीक्षेला बसला. हसत बाहेर आला. त्याला शंभरपैकी अकरा गुण मिळाले.

तो धावतच वडाखाली गेला. "अकरा?"

"अक्षराचे," हत्तीसर म्हणाले. "पाचव्या प्रश्नाला तू लिहिलंयस, 'इथे सगळे जेवलास का विचारतात, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही.' हे काय आहे?"

"परत आल्यावर मला असं वाटायला लागलं, सर."

"लेखकाला तसं वाटत नाही."

"लेखक मी आहे!"

"लेखक पुस्तकात आहे, बाळा. तू बाहेर आहेस."

विद्याधरने पंख आपटले. "सर, माझं मत बदललंय!"

"मग नवी आवृत्ती निघेपर्यंत थांब. सहा वर्षं लागतात." हत्तीसर वाईट नव्हते, मुलांनो. त्यांनी सोंड विद्याधरच्या पाठीवर ठेवली. "हे बघ, जागा एकच आहे. दुसरी उमेदवार घोरपड आहे. तिने तुझा निबंध असा धरून ठेवलाय, की सोडता सुटत नाही. सोमवारी तोंडी परीक्षा आहे. जे छापलंय ते म्हण. एवढंच."

विद्याधर दोन दिवस फांदीवर बसून राहिला. पदवी होती. मत होतं. वड समोर होता. त्याने स्वतःला समजावलं, की एकदा आत जाऊ दे. आत गेलो की सगळं बदलून टाकतो. आत जाण्यापुरतंच तर आहे.

हे वाक्यसुद्धा त्याचं नव्हतं. आत असलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी म्हटलेलं होतं. पण त्याला ते स्वतःचंच वाटलं.

सोमवारी तो परीक्षकांसमोर उभा राहिला. आणि त्याने आवाज काढला. कुणाचा? विद्याधर कोतवालाचा. दोन वर्षांपूर्वीच्या. थंडीने कापणारा, घाबरलेला, पहिल्यांदाच खरं बोलणारा एक तरुण पक्षी त्याने हुबेहूब उभा केला. 'मला असं वाटतं,' तो म्हणाला, आणि योग्य जागी त्याचा कंठ दाटला. 'एकानेही विचारलं नाही, की जेवलास का.'

गेंडासरांनी डोळे पुसले. घोरपडीने उमेदवारी मागे घेतली.

"वा!" हत्तीसर म्हणाले. "याला म्हणतात स्वतंत्र विचार. एक शब्द इकडचा तिकडे नाही!"

शंभरपैकी शंभर.

पुढच्या आठवड्यात विद्याधरसर पहिल्यांदा वर्गावर गेले. वडाखाली चाळीस पिल्लं बसली होती. सरांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. छाती भरून श्वास घेतला. आणि ज्यासाठी त्यांनी एवढा सगळा प्रवास केला होता, तो प्रश्न विचारला.

"तुम्हाला काय वाटतं?"

चाळीस चोची खाली वाकल्या. चाळीस वह्यांमध्ये लिहिलं गेलं, 'तुम्हाला काय वाटतं.' खाली दुहेरी रेघ मारली गेली. मग चाळीस चोची पुन्हा वर आल्या आणि पुढचं वाक्य येण्याची वाट बघू लागल्या.

पुढच्या बाकावरची एक टिटवी म्हणाली, "सर, याला किती गुण?"

विद्याधरसर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. बाहेरून हत्तीसर चालले होते. ते क्षणभर थांबले आणि कौतुकाने आत डोकावले.

"पाच," विद्याधरसर म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, प्रत्येकाला स्वतःचं मत असायलाच हवं. ते एकदाच, शक्यतो परदेशात, तयार करून घ्यावं. घरी आणून नीट पाठ करावं आणि पुन्हा त्याला हात लावू नये.

ज्यांना हे तात्पर्य पटलं, त्यांनी आता घरी जावं. ज्यांना पटलं नाही, त्यांनी जरा मागे थांबावं. मला तुमच्याशी भांडायचं आहे.