मलावीच्या टाक्याला भोयरकाकांची हरकत

भोयरकाकांना शंका आली की ते उजव्या हाताचं बोट वर करतात, आणि ते बोट खाली येईपर्यंत जगातलं कोणतंही काम पुढे सरकत नाही. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपत आली होती, लोकांनी अक्षतांच्या मुठी वळल्या होत्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतून बोट वर आलं. "मले एक शंका हाय." भटजी थांबले. मांडवाचा उतार नवरीच्या बाजूला आहे, पाऊस आला तर सगळं पाणी तिच्या अंगावर पडेल, अशी ती शंका होती. मे महिना होता. वर्ध्यात मे महिन्यात पाऊस आला तर नवरी आपणहून त्याखाली जाऊन उभी राहील. तरीही मांडववाल्याला शिडी आणावी लागली.

काका आमचे शेजारी. सरकारी कचेरीत बडे बाबू होते. ते निवृत्त झाले, शंका नाही झाल्या. काकू गेल्यापासून घरात एकटेच असतात, त्यामुळे सगळ्या शंका आता मोहल्ल्याच्या वाट्याला येतात.

आम्ही काही मित्रमैत्रिणी नोकऱ्या सांभाळून हिंगणीकडच्या शाळांच्या छपरांवरचं पाणी टाक्यात साठवून द्यायचं काम करतो. ग्रेस नावाची आफ्रिकेतल्या मलावीची मुलगी वर्ध्याला शिकायला होती, तेव्हा ती आमच्यासोबत यायची. शिकून ती आपल्या गावी परतली आणि एक दिवस तिचा फोन आला. गावातल्या बाया पाण्यासाठी लांबच्या नदीवर जातात, शाळेवर चांगलं टिनाचं छप्पर आहे, गाव आपल्या हातानं टाकं बांधायला तयार आहे. बेत तेवढा मिळून आखू या, असं तिचं म्हणणं. दर रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल ठरला. आमच्या घरात रेंज नाही. काकांच्या ओसरीवर मात्र झकास येते. तिथेच आम्ही फसलो.

पहिल्याच रविवारी ग्रेसनं सांगितलं की त्यांच्याकडे पाऊस आपल्या दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो. बोट वर. "दिवाळीले पाऊस? हे काई नियमात बसत नाई." ग्रेस मराठी शिकली होती मेसमधल्या मावशींकडून, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. ती शांतपणे म्हणाली, "काका, इकडं असाच पडते. म्या का करू?"

मग बकऱ्या निघाल्या. टाक्यावर बकऱ्या चढल्या तर? तिकडे ग्रेसशेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते गावचे मुखिया बांडाबाबा. त्यांच्या होकाराशिवाय तिथे वीटही हलत नव्हती. त्यांनी बकऱ्यांवर बराच वेळ भाषण केलं. ग्रेसनं दोन शब्दांत सांगितलं, "चढतीन म्हन्ते." शिवाय, टाक्याच्या नळाला कुलूप लावलं तर किल्ली कोणाकडे राहणार, अशी बाबांची उलट शंका होती. काकांचा चेहरा असा उजळला की आम्ही चहा विसरून पाहत राहिलो. "माणूस कामाचा हाय," ते म्हणाले.

त्यानंतर आम्हाला कोणी विचारेना. छपरावर पारवे बसले तर? लग्नघराला पाणी जास्त द्यायचं का? सासूशी भांडून आलेली सून टाक्यावर रडत बसली, तर रांग थांबवायची का? या शेवटच्या शंकेवर दोघांनी अख्खा रविवार घालवला, आणि दोघंही भारी समाधानानं उठले.

एक दिवस ग्रेसचा मला निरोप आला. "दीदी, ढग दिसून राह्यले. गवंडी आता मोकळा हाय, पाऊस लागला का थो वावरात जाईन. काकाच्या शंका सरल्याबिगर बाबा ऐकत नाई. तू काकाले सांगजो." गवंडी गेला की टाकं वर्षभर लांबणार होतं, आणि बाया वर्षभर नदीवर जाणार होत्या.

मी रविवारी चार वाजायच्या बऱ्याच आधी काकांकडे गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, ओसरीवर खुर्च्या मांडून ते बसलेच होते. आता एकही शंका काढू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. बायांचं सांगितलं, गवंड्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची उगाच थोडी सरकवून म्हणाले, "टाकं झालं का मंग हे फोन बंदच होईन ना?"

मी ती खुर्ची परत जागेवर सरकवली. 

चार वाजता फोन लागला. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. सगळं बराबर हाय, आजच गवंड्याले बोलवा, असं त्यांनी ग्रेसला सांगितलं. बांडाबाबांनी आपल्या मित्राकडे पाहून होकाराची मान हलवली. कॉल इतक्या लवकर संपला की गॅसवरचा चहा उकळायचाच होता.

टाकं वेळेत झालं. पाऊस आला, ग्रेसनं भरलेल्या टाक्याचा आणि समोर रांगेत बसलेल्या बायांचा फोटो पाठवला. आमचे रविवार मोकळे झाले आणि आम्ही दुसऱ्या गावाच्या मागे लागलो.

नंतर एका रविवारी दुपारी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून काकांचा चढलेला आवाज आला. भांडण वाटलं म्हणून मी गेले. ओसरीवर फोन तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात बांडाबाबा. ग्रेस नव्हती. काका भुईमुगाच्या शेंगा फोडत वऱ्हाडीत बोलत होते, बाबा तिकडे शेंगा फोडत त्यांच्या भाषेत. दोघंही मधूनमधून मान डोलवत होते.

मी हळूच विचारलं, "काका, तुम्हाला कळतं काही?"

"नाई."

"मग?"

काकांनी फोनकडे नीट पाहिलं. "आज त्याचा आवाज बसला हाय," ते म्हणाले. "केव्हाचा अद्रकचा काढा घे म्हनून सांगून राह्यलो, पन त्याले समजून नाई राह्यलं. अद्रकले तिकडं का म्हन्तेत, थे ग्रेसले इचारून सांगजो. आजच."