कोमट पाण्याची तक्रार

टक्.

किटलीचा खटका वर आला, खोलीतली शांतता मोडली, आणि छोट्या साहेबांनी एक डोळा उघडला.

माणसाने विस्तवाचा शोध कधी लावला, यावर आयुष्य खर्ची घालणारे विद्वान आहेत. बर्फ साठवायला सुरुवात कोणी केली, यावर भांडणारेही आहेत. पण कोमटाचा शोध कोणी लावला, याची नोंद कुठेही नाही. तो बहुधा एखाद्या आईने लावला असावा, आणि लिहून ठेवायला तिला वेळ मिळाला नसावा.

प्रस्तुत आई त्या वेळी परदेशातल्या एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर, बाथरूमच्या उंबरठ्यात उकिडवी बसून दुधाच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती. (बाळाच्या वस्तूला कोणी तोंड लावायचं नाही, हा नियम घरात तिनेच केला होता. मोडण्याचे अधिकारही तिने स्वतःकडेच राखून ठेवले होते.)

खोलीत आणखी दोन माणसं होती. एक, सात महिन्यांचे छोटे साहेब. दुसरी, साडेपाच वर्षांची मुलगी. छोटे साहेब जन्मल्यापासून सगळे तिला ‘ताई’ म्हणतात, आणि त्या पदाचा कार्यभार ती गांभीर्याने सांभाळते. तिसरं माणूस म्हणजे बाबा. ते तळमजल्यावरच्या सभागृहात होते. तिथे तीन दिवसांचं चर्चासत्र होतं, विषय: ‘ग्राहकाचं ऐकून कसं घ्यावं’. बाबा त्यात प्रमुख वक्ते. सकाळी निघताना आई म्हणाली होती, “अरे, पाच मिनिटं याला घेतोस का? मी आंघोळ करून येते.” त्यावर ते “हो हो, नक्की” म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

परिस्थिती नाजूक होती. काल संध्याकाळी विमानातून उतरल्यापासून छोट्या साहेबांनी चार बाटल्या नामंजूर केल्या होत्या. पहिली, फार गरम. दुसरी, फार गार. तिसरी, पहिल्यासारखी नको म्हणून केलेली, दुसरीसारखी झालेली. चौथी, कारण न देता. मध्यंतरी झोपेत अर्धी बाटली पोटात गेली होती, पण ती त्यांच्या नकळत. मंजुरी म्हणून ती धरता येत नव्हती.

घरच्या डॉक्टरीणबाई सकाळी फोनवर म्हणाल्या, “लंगोट ओला होतोय ना? मग घाबरू नकोस. पण बारापर्यंत एक बाटली पूर्ण गेली नाही, तर तिथल्या डॉक्टरांना दाखव.”

आता दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथले डॉक्टर कुठे बसतात, हे आईला माहीत नव्हतं. ‘काल रात्रीपासून जरा मलूल आहे हो’ यातलं ‘मलूल’ त्यांच्या भाषेत कसं सांगायचं, हे तर त्याहून माहीत नव्हतं. शिवाय सासूबाई होत्या. निघताना त्या म्हणाल्या होत्या, “एवढ्याशा जिवाला घेऊन जाताय. जा बाई. मी कशाला बोलू?” आणि मग विमानतळ येईपर्यंत बोलल्या होत्या. त्यावर आईने सर्वांसमक्ष “मी करीन सगळं” असं जाहीर केलं होतं. जाहीर केलेल्या गोष्टी मागे घेण्याची सोय सासरी नसते.

हॉटेलच्या खोलीत बाटली तयार करण्याची कार्यपद्धती अशी. किटलीत पाणी तीन वेळा उकळायचं. पहिलं पाणी किटलीच्या भूतकाळासाठी. (आईचे एक चुलत दीर हॉटेलच्या किटलीत अंडी उकडतात आणि ते लग्नकार्यात अभिमानाने सांगतात. असे दीर प्रत्येक देशात असणार, हे गृहीत धरावं लागतं.) दुसरं पाणी पहिल्या पाण्यावरच्या संशयासाठी. तिसरं बाळासाठी. इथपर्यंत शास्त्र आहे. पुढे कला आहे.

घरी दोन भांडी असतात. एकात उकळून निववलेलं पाणी झाकून ठेवलेलं, दुसऱ्यात उकळतं. थोडं हे, थोडं ते, पावडर, बाटली हलवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकायचा. चटका नाही, शिरशिरी नाही, थेंब पडला की नाही तेच कळलं नाही, की झालं. इथे भांडं एकच होतं, किटली. थर्मास विमानातच राहिला होता. (तो डोक्यावरच्या कप्प्यात कोणी ठेवला होता, हा विषय घरात बंद आहे.) एकदा उकळलेलं पाणी निवायला पाऊण तास लागे. तेवढ्यात छोटे साहेब रडून झोपत, उठेपर्यंत ते गार होई, आणि मग पुन्हा टक्.

खोलीत दोन कपही होते. एकात बाटली घासायचा ब्रश उभा होता. दुसऱ्यात आईचा सकाळी सातचा चहा होता, आणि ‘आता पितेच’ असं तिने स्वतःला चार वेळा सांगून झालं होतं. (वाचकांच्या हातातला चहा अजून गरम असेल, अशी आशा आहे. तो कोणी आणून दिला, हा प्रश्न या कथेच्या कक्षेबाहेरचा आहे.)

तेव्हा हॉटेलकडे मागणी करायचं ठरलं. मागणी साधी होती: उकळून निववलेलं कोमट पाणी, एक जग. आईने मोबाइलवरच्या भाषांतराच्या यंत्राला ते सांगितलं. ताईने खोलीतल्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून मोबाइलच्या तोंडाशी धरला, आणि दोन फोन एकमेकांशी बोलले. पलीकडे स्वागतकक्षातली मुलगी काहीतरी बोलली. मग यंत्र मराठीत म्हणालं, “आपलं पाणी कोमट आहे, हे ऐकून आम्हाला तीव्र दुःख झालं आहे. माणूस निघाला आहे.”

त्या भाषेत कोमटाला शब्द नव्हता असं नाही. शब्द होता. पण तो फक्त तक्रारींत वापरायची पद्धत होती. सूप कोमट होतं, आंघोळीचं पाणी कोमट होतं, स्वागत कोमट होतं. ‘कृपया कोमट द्या’ असं त्या हॉटेलात आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे ऐकणाऱ्याने ते वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं. ग्राहक चुकीचं बोलला तरी त्याचं बरोबर ऐकायचं, हेच तर उत्तम सेवेचं लक्षण आहे.

दहा पंचवीसला नळदुरुस्तीवाला आला. बूट दाराशी पुसले, थेट बाथरूममध्ये शिरला, आणि पंधरा मिनिटं आतून ठोकाठोकीचे आवाज येत राहिले. छोटे साहेब त्या तालावर रडले. नळदुरुस्तीवाला बाहेर आला तेव्हा नळातून वाफा निघत होत्या आणि त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं तेज होतं. त्याने एक कागद पुढे केला. त्यावर पाच चेहरे छापलेले होते, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर खूण करायची होती.

“आई, मी करू?” ताई म्हणाली, आणि तिने हसऱ्यावर केली. “तो एकटाच आहे बिचारा. बाकीचे सगळे रागावलेत.”

आईने यंत्राला पुन्हा सांगितलं, “इतकं गरम नको हो. बाळासाठी हवंय. कमी गरम.”

दहा पन्नासला वेटर आला. चांदीसारख्या चकचकीत बादलीत काठोकाठ बर्फ होता, वर दुमडलेला नॅपकिन.

आता छोटे साहेब रडायचे थांबले होते. ही चांगली बातमी नाही, हे प्रत्येक आईला माहीत असतं. ते नुसतेच खांद्यावर डोकं टाकून पडले होते, आणि आईच्या गळ्याशी त्यांचा श्वास लागत होता. आईने पाचवी बाटली केली. चटका. तिने ती हलवली, फुंकली, उघड्या खिडकीत धरली. फुंकून दूध निवत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण हात रिकामे ठेवणं तिला जमत नव्हतं.

अकरा दहाला खुद्द व्यवस्थापक आले. टाय, फळांची टोपली आणि शिक्का मारलेलं पत्र. मागे नळदुरुस्तीवाला आणि वेटर, साक्षीदार म्हणून. पत्र मोबाइलपुढे धरण्यात आलं आणि यंत्राने ते खणखणीत आवाजात वाचलं:

“आपल्याला कोमट पाण्याचा सामना करावा लागला, याबद्दल व्यवस्थापन शरमेने मान खाली घालत आहे. आपल्या उर्वरित मुक्कामात आपल्याला कोमट असं काहीही मिळणार नाही, याची आम्ही लेखी हमी देतो.”

“अहो, मला कोमटच हवंय हो!” आईचा आवाज चिरकला.

यंत्राने भाषांतर केलं. व्यवस्थापकांचा चेहरा पडला. त्यांनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं, आणि यंत्र म्हणालं, “आपण स्वतःही कोमट आहात का? डॉक्टरांना बोलवायचं का?”

“आई कोमट नाहीये,” ताई ठणकावून म्हणाली. “आई चिडलीये.”

(आकडेवारी. पहिल्या तक्रारीपासून उलटलेला वेळ: पन्नास मिनिटं. हजर कर्मचारी: तीन. मिळालेला बर्फ: एक बादली. फळं: नऊ. कोमट पाणी: शून्य. समाधानाचा सरासरी चेहरा: हसरा.)

दार उघडंच होतं. मजल्यावरच्या खोल्या साफ करणाऱ्या बाई तिथे कधीच्या उभ्या होत्या. हातात टॉवेलांची चळत, पन्नाशीच्या, पायात चपटे बूट. माणसं निघाली की चादरी बदलायच्या, एवढंच त्यांचं काम. त्यांनी आईकडे पाहिलं, खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं नाही. टॉवेल पलंगावर ठेवले, बेसिनवर हात धुतले, आणि ‘देऊ का?’ अशा मानेने बाटलीसाठी हात पुढे केला.

आईने बाटली दिली.

बाईंनी ती बर्फात खुपसली आणि गोल गोल फिरवली. ताक घुसळावं तशी नाही, झोपलेलं मूल पाळण्यात हलवावं तशी. मग बाहेर काढली, नव्या टॉवेलने पुसली. आईचं मनगट धरून उलटं केलं, आणि त्यावर थेंब टाकला. स्वतःच्या मनगटावर नाही. भुवया वर: बरोबर?

आईने मान हलवली: अजून थोडं.

पुन्हा बर्फ. पुन्हा थेंब.

दुसरा थेंब पडला की नाही, ते आईला कळलंच नाही.

छोट्या साहेबांनी निपल ओठांत घेतलं, थांबले, विचार केला. मग बाटलीत एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. खोलीत सात माणसं होती आणि दुसरा कसलाही आवाज नव्हता. नळदुरुस्तीवाल्याने टोपी काढून हातात घेतली होती, ती का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी बाटली रिकामी झाली. त्यानंतर आलेली ढेकर छोट्या साहेबांच्या वयाहून मोठी, पण व्यवस्थापकांच्या पदाहून लहान होती. आईच्या डोळ्यांत तेव्हा जे आलं, तेही साधारण त्या दुधाच्याच तापमानाचं होतं. (त्याची मोजणी झाली नाही.)

तक्रार निकालात काढण्यात आली. कारण: ‘बर्फाने समाधान’. पुढचे दोन दिवस त्या खोलीत दर दोन तासांनी बर्फाची बादली येत राहिली. खोल्या साफ करणाऱ्या बाईंना, पाहुण्यांच्या वस्तूला हात लावल्याबद्दल, समज देण्यात आली.

साडेबाराला बाबा वर आले.

“प्याला? बघ, मी म्हणत नव्हतो? भूक लागली की पितात पोरं.” मग टोपली दिसली, पत्र दिसलं, त्यावर नोंदलेल्या भेटींच्या वेळा दिसल्या, पाच चेहऱ्यांचा कागद दिसला. “पन्नास मिनिटांत तीन माणसं? आणि लेखी माफी? कमाल आहे! हे उदाहरण मी दुपारच्या सत्रात घेतो.”

ग्राहकाला मुळात हवं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. ते उदाहरणात बसत नव्हतं. एक केळं घेऊन ते खाली गेले.

सासूबाईंचाही फोन येऊन गेला. “प्याला ना? मी म्हटलंच होतं, तू करशील म्हणून.”

दुपारी छोटे साहेब पोटावर हात ठेवून झोपले. आईने त्यांच्या पायात मोजे घातले, सुटलेला एक पुन्हा घातला, आणि पलंगाच्या कडेला टेकली. खालच्या सभागृहात चहाची सुट्टी झाली असावी. खिडकीतून कपबशांची किणकिण आणि बाबांचं हसू वर येत होतं.

ताई टेबलाशी उभी होती. सकाळचा चहा ओतून आईने मघाशी नवा केला होता, त्या कपात तिने बोट बुडवलं.

“ई! आई, तुझा चहा कोमट झालाय.” आणि लगेच रिसीव्हर उचलला. आता तिला कामाची पद्धत माहीत होती. “थांब हं. आधी नळवाले काका येतील, मग बर्फ, मग टायवाले काका सॉरी म्हणतील.”

“ठेव गं तो फोन. मला चालतो तसा.”

“कोमट चालतो?”

“चालतो.”

“आज?”

“रोजच.”

“घरी पण?”

“घरी पण. हळू बोल, उठेल तो.”

ताईने रिसीव्हर ठेवला. कपाकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. खालून पुन्हा कपबशा वाजल्या.

“मग आई,” ती अगदी हळू म्हणाली, “गरम चहा कोण पितं?”

आईने कप उचलून एक घोट घेतला. सदर प्रश्न वाचकांकडे वर्ग करण्यात येत आहे. (तुमचा कप खाली ठेवलात तरी चालेल.)