सगिनअलीची अँटेना

“अख्ख्या कुरणात कुठे चित्र दिसेल तर माझ्याच तंबूत!” सगिनअलीने छाती ठोकून सांगितलं आणि त्याच भरात मेंढा कापून पंधरा पाहुणे बोलावले. कारणही तसंच होतं. त्याची लेक झिबेक आज राजधानी बिश्केकहून टीव्हीवर कोमुझ वाजवणार होती! तिची बोटं त्या तीन तारांवर फिरली की चरणारे घोडेसुद्धा कान टवकारायचे.

दुधाच्या कॅनची झाकणं, दंताळ्याचे दात आणि सायकलचं चाक जोडून त्याने अँटेना उभारली. रुसलेल्या उंटासारखी मान वर करून ती उभी राहिली. टीव्हीवर मात्र हिमवादळ!

“डावीकडे घ्या!” हिमवादळ. “उजवीकडे!” वादळाला शिट्टी फुटली.

तेवढ्यात शेजारून आरोळी आली, “अरे, माझ्याकडे चित्र आलं! झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ!”

नाजार! शर्यतीत कुणाचा घोडा पुढे होता यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. ‘तुझा उंबरठा ओलांडला तर नाव बदलीन!’ असं सगिनअलीनेच त्याला सुनावलेलं.

पंधराही पाहुणे उठले आणि मांसाच्या परातीसकट तिकडे पळाले!

सगिनअलीने चिडून अँटेना फिरवली.

“गेलं! गेलं! होती तशी ठेव रे बाबा!” नाजार ओरडला.

“हे काय गौडबंगाल?” सगिनअली चक्रावला.

त्याची बायको बुरुलचा शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, “अहो, अँटेना लहरी पकडते तशी विखुरतेही. त्या उडून टेकाडाआडच्या नाजारकडे पडतात. अगदी तुमच्यासारखी आहे! घरात ठणठणाट, बाहेर उधळण!”

त्याने संतापून आपल्या टीव्हीची तार उपटली.

“वा! आता तर आणखी झकास!” पलीकडून टाळ्या.

“बघा, थोडं घरी ठेवत होती, तेही वाटून टाकलं,” बुरुलचा हसली.

इतक्यात नाजारच्या टीव्हीवरून निवेदिकेचा आवाज आला, “आता ऐकू या, झिबेक!”

सगिनअली नाजारच्या उंबरठ्यावर थबकला. एक पाय आत, एक बाहेर. मग डोळे मिटून त्याने उडीच मारली!

नाजारने त्याला मानाच्या जागी बसवलं आणि हातात मेंढ्याचं मुंडकं दिलं. “पाहुणा आलास, मान घे.” मेंढा त्याचाच, मुंडकंही त्याचंच!

सूर उमटला. बर्फ वितळून पहिला ओहळ वाहावा तसा. सगिनअलीच्या दाढीत आसवं उतरली.

वादन संपवून लेक म्हणाली, “बाबा आत्ता आमच्याच तंबूत बसून, स्वतः केलेल्या अँटेनावर मला बघताहेत!”

पंधरा माना वळल्या. सगिनअलीच्या तोंडात घास होता.

नाजार हळूच सरकला. “परवा कुस्त्या आहेत, अँटेना हलवू नकोस हं. आणि काय रे, नवं नाव काय ठेवलंस?”