दुरुस्तीनंतर पुन्हा सादर करावे

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत चंद्रकांत आरामखुर्चीत पडून एका बाईंचा विचार करत होते. बाई साजूक तुपात तळलेल्या होत्या.

यात चंद्रकांतांचा दोष नव्हता. मुलगा अमित बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जिच्या प्रेमात पडला होता, त्या दिव्यश्रीच्या वडिलांचा मोबाइलवर निरोप आला होता. या अप्पासाहेबांचा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. निरोप इंग्रजीत होता आणि त्याचा सरळ अर्थ असा निघत होता : 'रविवारी बोलणी करायला येतो. साजूक तुपात तळलेली माझी पत्नी कडबू घेऊन येईल.'

पुण्याहून आलेल्या चंद्रकांतांची सगळी नोकरी इथल्या सरकारी कारखान्यात इंग्रजी कागद तपासण्यात गेली होती. विशेषण ज्याचं त्याच्या शेजारी बसवावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर इतकं चांगलं चुकलेलं वाक्य हाती लागलं नव्हतं. खाली गुलाबी फुलं गळत होती, ऊन पेंगत होतं आणि शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे पंगतीतल्या पाहुण्यांसारखे आपलं पान शोधत फिरत होते. एकेकाला हाताला धरून त्यांनी जागेवर बसवलं. 'माझी पत्नी रविवारी साजूक तुपात तळलेले कडबू घेऊन येईल.' त्याच तंद्रीत, जन्माच्या सवयीनं खाली शेरा मारला, 'दुरुस्तीनंतर पुन्हा सादर करावे', आणि अप्पासाहेबांना पाठवून दिलं.

तिकडून उत्तर आलं नाही. अमित नीट जेवेना. दिव्यश्री आपल्याशी कामापुरतं बोलते आणि तिचे वडील तर कुणाशीच बोलत नाहीत, असं तो म्हणाला. शुभदाताईंनी नवऱ्याचा मोबाइल उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"मुलीच्या बापाला शेरा? अहो, ते काय तुमच्या हाताखालचे कारकून आहेत?"

आत्ता माफी मागतो म्हणून चंद्रकांत पुन्हा बाल्कनीत गेले. पण 'मनापासून तुम्हाला दुखावल्याबद्दल माफी मागतो' असं लिहिलं, तर मन लावून दुखावल्यासारखं वाटत होतं. 'मनापासून'ला कुठेच जागा मिळेना. शब्द हलत राहिले, डोळा लागत राहिला आणि रविवार उजाडला तरी माफी काही पूर्ण झाली नाही.

दुपारी बेल वाजली. दारात दिव्यश्री आणि तिची आई मथुराअक्का, हातात पुरण भरलेल्या कडबूंचा डबा.

"आमचे हे खाली गाडीतच बसलेत," मथुराअक्का म्हणाल्या. "आमच्या मराठीत कन्नड फार की. तुम्ही पुण्याची माणसं हसाल म्हणून त्यांनी मुद्दाम इंग्लिशमध्ये लिहिलं. तेही परत आलं."

चंद्रकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला न घालताच ते खाली गेले, गाडीचं दार उघडून अप्पासाहेबांच्या शेजारी बसले. तयारीतलं एकही वाक्य आठवेना.

"चुकलो," एवढंच ते म्हणाले.

अप्पासाहेबांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरी, असू दे. पण स्वल्प एक विचारू? तुमच्या वाक्यात कडबू रविवारी तळलेत. आमच्यात आदल्या दिवशीच तळतात की."

चंद्रकांतांनी मोबाइल काढून वाक्य पुन्हा वाचलं. कित्येक दिवसांत झाला नव्हता इतका आनंद त्यांना झाला.

"खरंच की हो. मग 'रविवारी' कुठं बसवू या?"

ऊन गाडीवरून हळूहळू उतरून गेलं. संध्याकाळी पाहुण्यांना निरोप देऊन चंद्रकांत तरंगत वर आले.

"माणूस लाख आहे," ते शुभदाताईंना म्हणाले. "मी सांगतो, हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही. आपण होऊन विषय काढायला हवा."

"तारीख ठरली, साखर वाटून झाली," शुभदाताई म्हणाल्या. "दोघं तुमच्या पाया पडायला खाली आली होती. तुम्ही म्हणालात, काच वर करा, व्यत्यय येतोय."