शेवंती नको म्हणालो, एवढंच!

"फुलांचं माझ्यावर सोडा! तुम्ही नुसतं नटून मांडवात या!"

आमच्या एकुलत्या एका लेकीच्या, समृद्धीच्या लग्नाची कामं वाटली जात होती, तेव्हा हे वाक्य मी अशा थाटात टाकलं की माझी बायको रमासुद्धा क्षणभर फसली.

अहो, त्यात कसलं आलंय काम! पनवेलच्या बाजारात दिलशादभाईंच्या दुकानी जायचं, "झेंडू, गुलाब, मोगरा" म्हणायचं आणि चहा पिऊन घरी यायचं!

पण हे २००९ साल. समृद्धीनं ऑफिसातून इंटरनेटवरची अकरा पानं छापून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. कुठल्या फुलाचा काय अर्थ!

"बाबा, झेंडू म्हणजे दुःख."

"कुणाचं?"

"असं नसतं हो! पिवळा गुलाब म्हणजे मत्सर."

"मग तो वगळू."

"पण सातव्या पानावर पिवळा गुलाब म्हणजे मैत्री."

"मग ठेवू?"

"बाबा, तुमचं लक्षच नाहीये!"

लक्ष नाही? मी जीव तोडून पाठ करत होतो! दोन दिवसांत माझं डोकं हारवाल्याच्या टोपलीसारखं झालं. आत सगळं होतं, फक्त एकात एक ओवलेलं काही नव्हतं. त्यातल्या त्यात एकच गोष्ट पक्की बसली. शेवंती! ती म्हणे युरोपात थडग्यावर वाहतात. शेवंती म्हणजे साक्षात मरण!

आणि नेमका चिरनेरहून व्याह्यांचा फोन आला. काशिरामभाऊ, मोठा सरळ माणूस.

"प्रभाकरशेठ, शेवंती आदल्या दिवशीच येईल तुमच्याकडं. चालंल ना?"

"छे छे! शेवंती अजिबात नको!"

"नको? आवो, आमच्याकडं कुठलं पन कार्य असू दे, शेवंती पुढं लागतेच."

"तुमच्याकडे लागत असेल. आमच्या मांडवात अपशकुन नको! शिवाय आदल्या दिवशी आली तर सकाळपर्यंत मान टाकेल. मग ती उचलून टाकायला माणसं कुठून आणू?"

"येक रात तरी ठेवून घ्या..."

"ठेवीन. पण ओल्या गोणपाटात गुंडाळून!"

फोन बंद झाला. आपण किती मुद्देसूद बोलतो, असं वाटून मी खूश!

तासाभरात समृद्धी रडत बाहेर आली. कुंदनचा, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाचा फोन होता. त्याची आत्या भरल्या ताटावरून उठली होती. लग्नाला येणार नाही म्हणत होती. कुंदन तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून याच आत्यानं त्याला वाढवलेला. आत्या नाही, तर तोही बोहल्यावर चढणार नव्हता!

"पण त्यांना झालं काय?" मी विचारलं.

"तुम्ही त्यांना अपशकुनी म्हणालात!"

"मी? मी तर फक्त शेवंतीबद्दल..."

रमानं कपाळावर हात मारला. "अहो, शेवंती हे आत्यांचं नाव आहे!"

आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणायचो. नाव कोण विचारतं! आणि मी त्या बाईला ओल्या गोणपाटात गुंडाळायला निघालो होतो!

धावत दिलशादभाईंकडे गेलो. "माफी मागायचं फूल द्या!"

"कौनसा?"

"जांभळं हायसिंथ. नवव्या पानावर आहे."

"शेठ, ये नाम मैं पहली बार सुनता. माफी मांगायला फूल कशाला पायजे? तोंड घेऊन जावा आपलं."

तरी रिकाम्या हातानं कसं जाणार? गोंधळात समोरची टोपली उचलली आणि चिरनेरची एसटी पकडली. आत्या ओटीवरच बसल्या होत्या. डोळे सुजलेले. त्यांनी आधी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेवंती आनलाव? माज्या मयताला?"

मी टोपलीत पाहिलं. खरंच शेवंती! मग मी युरोप, थडगी, झेंडू, मत्सर, सातवं पान, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी शेवटी माझा आवाज रडवेला झाला होता.

"आत्या, मला काहीएक कळेनासं झालंय. कुठलंही फूल घ्या, वाईटच अर्थ निघतो! पण तुम्ही आला नाहीत, तर माझ्या पोरीचं लग्न होत नाही."

आत्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या!

"मंग मांडवाला कुठली फुलं ठरवलाव?"

"कुठलीच नाही."

"कुठलीच नाय? लगीन परवावर आलं!" त्या पदर खोचून उठल्याच. "काशिराम, माजी पिशवी दे. आमी आताच निघतो. येवाईबुवा, घरी मोठी सुई हाय ना?"

लग्न थाटात झालं! मांडव शेवंतीनं पिवळाधमक, आणि कुंदनच्या शेजारी आत्या, अंबाड्यात भलीमोठी वेणी घालून. पाठवणी झाली आणि रिकाम्या मांडवात मी आणि रमा दोघंच उरलो. डोळे पुसत मी म्हणालो, "रमा, आपल्या लग्नात कुठली फुलं होती गं? मोगराच ना?"

"कुठलीच नव्हती," रमा म्हणाली. "हार आणायचं काम तुमच्याकडे होतं. ते तुम्ही एसटीत विसरून पनवेलला उतरलात. आपले हार महाडला गेले!"