'वर' म्हणायचं नाही

"उद्या लवकर आवरा हं माई, तुम्हाला सकाळीच वर न्यायचंय," असं सिस्टर मागच्या खेपेला बोलून गेल्या आणि तिथंच सगळा घोटाळा झाला, असं माईंच्या यजमानांचं, अण्णांचं, ठाम मत होतं.

माईंची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि ऑपरेशन थिएटर चौथ्यावर. सिस्टरांच्या हिशेबी 'वर' म्हणजे दोन मजले, बस्स. पण सत्तरीकडे झुकलेल्या बाईला 'वर न्यायचंय' म्हणून सांगतात का कुणी? माईंचा रक्तदाब जो चढला तो उतरायचं नाव घेईना. सर्जन म्हणाले, "अशा रक्तदाबात मी पोटाला हात लावणार नाही." झालं! माई पित्ताशयातले खडे होते तसे घेऊन घरी परतल्या. पुढं पंधरवड्यातच पुन्हा अशी कळ आली की धावतपळत इथं यावं लागलं. आता पित्ताशय सुजलं होतं. ऑपरेशन उद्या व्हायलाच हवं, आणखी लांबवलं तर अवघड होईल, असं सर्जननी अण्णांना बाजूला घेऊन बजावलं होतं.

या वेळी रुग्णालयानं आधीच समुपदेशक बाईंना पाठवलं. मुलीच्या वयाची, गोड बोलणारी बाई. तिनं अण्णांना व्हरांड्यात नीट समजावून सांगितलं. "काका, ऑपरेशनआधी मनाचीही तयारी लागते. काकूंच्या जवळ बसा. हात हातात घ्या. मनात काय आहे ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. आणि हो, बोलताना शब्द जरा जपून वापरा."

अण्णा जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. जवळ बसा, हात घ्या, ऐकून घ्या हे सगळं त्यांच्या कानांवरून निसटून गेलं. 'शब्द' म्हटल्याबरोबर मात्र कान टवकारले. ते सरळ उठले आणि सिस्टरांना दारातच गाठलं.

"सिस्टर, 'वर' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. 'वर' सोडून."

सिस्टर बिचाऱ्या भल्या होत्या. आत जाऊन हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "माई, उद्या सकाळी तुम्हाला... हे आपलं... पलीकडे न्यायचंय."

"कशाच्या पलीकडे?" माईंनी विचारलं.

सिस्टरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे पाहत होते.

एवढ्यात धाकटी आली. ही माईंची बहीण. साठी उलटली तरी घरादारात तिला धाकटीच म्हणत. मनानं लाख बाई, पण तोंडात सदानकदा 'मेलं'. डबा मेला, कुलूप मेलं, जिना मेला. तिच्या वाक्यातून 'मेलं' काढलं तर मागं फारसं काही उरायचं नाही. अण्णांनी तिलाही बाहेरच थोपवलं आणि ताकीद दिली.

"बरं बाई," धाकटी म्हणाली. "ताईसाठी एवढं नाही का करणार मी?"

आत येऊन ती खुर्चीवर टेकली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "आई गं, काय उकडतंय! आणि हा मे..." अण्णा खाकरले. धाकटी अडखळली, घाम पुसला आणि कसंबसं वाक्य पुरं केलं, "हा... चिरंजीव पंखा! नुसताच करकरतोय, वारा म्हणून नाही."

माई उशीवरून जराशा उठल्या. "कोण पंखा?"

"तू पड गं," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "सफरचंद कापू का तुला?"

"फोडी," अण्णा म्हणाले.

"हां, फोडी करू का? पण सुरी..."

"चाकू," अण्णा म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, चाकूही काही बरा शब्द नव्हे. त्यांनी सफरचंद अख्खंच माईंच्या हातात ठेवलं.

तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. अण्णा खिडकीशी जाऊन दबक्या आवाजात बोलू लागले. "हो, उद्याच... हो, तो कार्यक्रम उद्याच आहे." माईंच्या कानांवर तेवढंच पडलं. घरात कसला कार्यक्रम आणि तो आपल्याला ठाऊक कसा नाही, म्हणून त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं भीतीनं तोंडच मिटून घेतलं. आता ही बाई चूप बसली म्हणजे प्रकरण साधं नाही, हे माई लहानपणापासून ओळखून होत्या.

सिस्टरांनी येऊन रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, "वाढलाय हो. असाच राहिला तर डॉक्टर उद्याही वर..."

"श्श!" अण्णा ओरडले.

"...उद्याही पलीकडे नेणार नाहीत."

उद्या नाही तर मग कधी? एवढं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं तरी कुठून निसटला शब्द? अण्णा दुपारपासूनची सगळी वाक्यं मनातल्या मनात तपासायला लागले.

"पुरे झालं!" माई उठून बसल्या. "काय लपवताय तुम्ही सगळे? खड्यांऐवजी भलतंच काही निघालंय का पोटात? धाकटे, माझ्या डोळ्यांत बघून सांग."

धाकटीचा बांध फुटला. "काही नाही गं ताई, काहीसुद्धा नाही! या भाऊजींचंच मेलं खूळ! 'वर' म्हणायचं नाही, 'मेलं' म्हणायचं नाही, सफरचंद कापायचं नाही! दुपारपासून जीभ मेली टाळ्याला चिकटून बसलीय माझी! मला नाही जमायचं, जा!"

माई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग अण्णांकडे, मग पंख्याकडे. "चिरंजीव पंखा!" म्हणून त्या जे हसत सुटल्या, ते पोट धरून, कळ आली तरी थांबेनात. सिस्टरही हसल्या. हसण्याचा आवाज ऐकून समुपदेशक बाई आत डोकावल्या आणि सगळी हकिकत ऐकून माईंच्या पलंगावरच बसल्या.

"काकू, त्या दिवशी 'वर' शब्दाची खरंच भीती वाटली तुम्हाला?"

"छे हो! चौथा मजला वर नाही तर काय खाली असणार?" माई डोळे पुसत म्हणाल्या. "सिस्टर बोलल्या आणि मी सहज यांच्याकडे बघितलं. यांचा चेहरा असा काही झाला होता, की मला वाटलं, संपलंच. डॉक्टरांनी यांना काहीतरी सांगितलंय आणि हे मला सांगत नाहीत. आजही तेच! हे घाबरले ना, की लोकांचे शब्द सुधारत बसतात. सासरे गेले तेव्हा दारात आलेल्या माणसांच्या बोलण्यातल्या चुका काढत होते. डोळ्यांतून टिपूस नाही. मला माझं काही नाही हो. मी तिकडं आत निजलेली असेन. इकडं यांचं काय होईल, हाच घोर लागलाय."

बाई हळूच अण्णांकडे वळल्या. "काका, चुकलंच माझं. तुम्हाला मी नुसत्या सूचना दिल्या, विचारलं काहीच नाही. तुम्हाला कसली भीती वाटते?"

"'कसली' नाही," अण्णा म्हणाले. "'कशाची' भीती."

"बघा!" माई म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकदम म्हणाले, "ही परत आली नाही तर? त्याची. दुसरं काय असणार मला?"

माईंनी हात पुढं केला. अण्णांनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर सिस्टरांनी मोजलेला रक्तदाब अगदी शहाण्यासारखा निघाला.

सकाळी माईंना स्ट्रेचरवर निजवून लिफ्टपाशी आणलं. रक्तदाब ठीक होता. सिस्टर बिनधास्त म्हणाल्या, "चला माई, वर!" अण्णांनी आज कुणाच्याही बोलण्यात तोंड घालायचं नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. ते चेहरा सांभाळून उभे होते. इतका सांभाळून, की धाकटीला त्यांच्याकडे बघवेना.

लिफ्टचं दार उघडलं. "बरं, जाते हं मी," माई म्हणाल्या.

अण्णांनी ओठ घट्ट मिटले. पण राहवलं नाही.

"येते म्हण," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

सिस्टरांनी चटकन माईंचं मनगट धरून नाडी पाहिली. माई मात्र हसत होत्या.

"येते," त्या म्हणाल्या. "आणि तोवर तुम्ही पोटभर रडून घ्या. मी आले की माझं सगळं तुम्हालाच करायचंय, तेव्हा सवड मिळायची नाही."

दार लागलं. पुढचं काम सर्जनचं होतं आणि त्यांनी ते चोख केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. इकडं अण्णा लिफ्टसमोरच्या बाकावर बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बायकोनं सांगितल्याप्रमाणे रडायला लागले. धाकटी थोडा वेळ शेजारी उभी राहिली.

मग म्हणाली, "सरका जरा भाऊजी. मलाही बसू द्या."