गळतीच्या दिवशी बँकेला सुट्टी होती काय?

बंद दाराला कारण लागतं. कारणाशिवाय बंद असलेलं दार म्हणजे नुसता आळस, आणि बँका आळशी नसतात. त्या फक्त बंद असतात.

आंतरराष्ट्रीय व्यापाराने या विषयाचा सखोल विचार केलेला आहे. परदेशी गिऱ्हाइकाची बँक 'एलसी' नावाची लेखी हमी देते: माल जहाजावर चढल्यापासून एकवीस दिवसांत ठरलेले कागद इथल्या बँकेत आणून द्या, पैसे घ्या. बाविसाव्या दिवशी कागद शिळे. (सुका बोंबील सहा महिने टिकतो. कागद नाजूक असतो.)

दातिवऱ्याच्या सव्वीस कोळणींच्या संस्थेने अख्ख्या हंगामाचे बोंबील एका कंटेनरात घालून पाठवले. पुढचे वीस दिवस कागद जमवण्यात गेले. जहाज कंपनीचा कागद नऊ दिवस, आरोग्याचा दाखला सात, माल कुठल्या देशाचा याचा दाखला चार (बोंबील भारतीय आहे याची खात्री पटायला वेळ लागतोच). एकविसाव्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षा हिराताई फाईल घेऊन पहिल्या एसटीने बोईसरच्या बँकेकडे निघाल्या, आणि त्याच पहाटे शेजारच्या तारापूरच्या एका कारखान्यातून वायू सुटला. बोईसरच्या अलीकडे बेटेगावला पोलिसांनी रस्ता अडवला. शाळांना सुट्टी. बँक बंद. हिराताई नाकाला पदर लावून संध्याकाळी पाचपर्यंत बेटेगावलाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या मेहुलभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम दिला. शेवटच्या दिवशी बँक सुट्टीमुळे बंद असेल तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत वाढते. संकटामुळे बंद असेल तर वाढत नाही.

"मंजे तुमी मजेत घरी बसला तर आमाला एक दिस जास्त. आन जीव घेऊन पळाला तर आमी मेलो?"

"'मेलो' असं नियमात कुठं नाही, ताई."

"मंग काय हाय?"

"'बँक जबाबदार नाही' असं आहे."

नियमात खोट काढायला जागा नाही. सुट्टी आधी कळवून येते, म्हणून तिचा मान राखायचा. संकट न कळवता येतं, म्हणून त्याला सवलत नाही. (संकटांनी यापुढे वर्षाच्या सुरुवातीलाच आपली यादी लावावी.)

आता उपाय एकच होता: झालेला दिवस मागाहून सुट्टीचा ठरवून आणायचा. हिराताई कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत एका सरकारी टेबलापाशी गेल्या. टेबलामागे पुंडलिकराव होते.

"सुट्टीचा आदेश आहे की," पुंडलिकराव म्हणाले. "पण शाळांचा. तुम्ही कितवीत?"

"चौथी नापास. चाळीस वर्सं झाली."

"मग तुम्हाला लागू नाही."

"रं दादा, सव्वीस घरांचा हंगाम हाय त्या डब्यात!"

पुंडलिकरावांनी सहानुभूतीने आवक-जावक वही मिटली. ही सहानुभूती हिराताईंना एकंदर अकरा टेबलांवर मिळाली. सात टेबलांनी पुढचं टेबल दाखवलं, तीन जेवायला गेली होती आणि अकराव्याने पहिलं दाखवलं.

कागद शिळे म्हणून परत आले. माल परदेशी बंदरात पडून होता. गिऱ्हाईक म्हणालं, निम्म्या भावात देत असाल तर उचलतो. दिला. त्याने तेच शिळे कागद दाखवून माल सोडवला. बंदरावर ते ताजे निघाले. सव्वीस घरांचा अर्धा हंगाम त्या एका दिवसात बुडाला. मेहुलभाईंना त्या तिमाहीत 'एकही नियमभंग नाही' असं प्रशस्तिपत्र मिळालं, आणि ते रास्तच आहे.

राहता राहिलात तुम्ही. हे वाचताना तुम्ही मनातल्या मनात म्हणालातच, 'बायांनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं कशाला?' बँकेचा थोडा राग आला असेल, पुंडलिकरावांना हसला असाल. पण तो वायू कुठल्या कारखान्याने सोडला, हे विचारायचं तुमच्या ध्यानात आलं नाही. लाजू नका. त्याची चौकशी चालू आहे, तिला मुदत नाही. आणि कारखान्याच्या मालकाचा तुमच्यावर पहिल्यापासून पूर्ण भरवसा आहे.